पत्र दुसऱ्यांदा वाचलं जातं, त्या वाचनासाठी लिहा

प्रश्न : मी खारघरला राहते, आयटीत नोकरी करते. नुकतीच सोसायटीची सचिव झाले. सध्या तीन पत्रं एकदम अंगावर आली आहेत. एक पाण्याच्या कमी दाबाची तक्रार, दुसरं माझा राजीनामा, तिसरं साताऱ्याला काका वारले म्हणून काकूंना लिहायचं. शाळेत पत्रलेखन पाठ केलं होतं, पण आता लिहायला बसलं की एक तर सरकारी भाषा येते, नाहीतर व्हॉट्सॲपची. एआयकडून लिहून घेतलं तर दिसायला छान, पण आपलं वाटत नाही. पत्र नेमकं कसं लिहायचं?

उत्तर :

ताई, मी आयुष्यभर आस्थापना शाखेत पत्रव्यवहार सांभाळला आणि निवृत्तीनंतर इथे ठाण्याला नौपाड्यात सोसायट्यांची, शेजाऱ्यापाजाऱ्यांची पत्रं लिहून देतो. तुमची तिन्ही पत्रं वरवर पाहता एकमेकांपासून फार लांबची आहेत. पण तिन्हींना लागू पडणारी एक गोष्ट आधी सांगतो, बाकीचं तिच्यातूनच निघेल. पत्र दोनदा वाचलं जातं. पहिल्यांदा ते हातात पडतं तेव्हा, घाईत, उभ्या उभ्या. दुसऱ्यांदा कधी तरी नंतर, जेव्हा कुणाला तरी त्याची गरज पडते. तक्रारीचं पत्र दुसऱ्यांदा वाचतो तो बदलून आलेला नवा अधिकारी, नाहीतर वकील. राजीनामा दुसऱ्यांदा उघडतो तो मनुष्यबळ विभाग, तुमची चौकशी करणारा फोन आला की. आणि सांत्वनाचं पत्र काकू दुसऱ्यांदा वाचतील ते घरातली माणसं पांगल्यावर. या दुसऱ्या वाचणाऱ्याला मागचं काही ठाऊक नसतं किंवा त्याला निवांत वेळ असतो. त्याच्यासाठी लिहिलं की पहिल्याचं काम आपोआप होतं. उलट केलं तर होत नाही. व्हॉट्सॲपवरचा मजकूर एकदाच वाचायचा असतो, म्हणून तिथली भाषा पत्रात चालत नाही.

पाण्याच्या पत्रापासून सुरुवात करू, कारण सचिव म्हणून अशी पत्रं तुम्हाला वर्षभर लिहावी लागणार आहेत.

लिहिण्याआधी पत्र कुणाच्या टेबलावर जायला हवं ते शोधा. हे सांगायला सोपं वाटतं, पण फुकट जाणारी बहुतेक पत्रं इथेच फुकट जातात. खारघरचे लोक पत्त्यात सर्रास ‘नवी मुंबई’ लिहितात आणि तक्रार नवी मुंबई महानगरपालिकेला धाडतात. खारघर, कामोठे, कळंबोली हा भाग १ ऑक्टोबर २०१६ पासून पनवेल महानगरपालिकेत आहे. त्यातही खारघरच्या पाण्याचा विषय असला की गाठ सिडकोशी, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाशी पडते. म्हणजे तीन कार्यालयांपैकी दोन ठिकाणी तुमचं पत्र बरोबर असूनही चुकीचं. माहिती अधिकाराचा अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवण्याचं बंधन कायद्यात आहे. साध्या तक्रारीला तसं संरक्षण नाही, ती पडून राहते. आमच्या ठाण्यात गटार तुंबलं तर प्रभाग समितीच्या सहायक आयुक्तांना लिहायचं असतं, वाशी-नेरुळला विभाग कार्यालयाला. थेट पाचपाखाडीच्या मुख्यालयात आयुक्तांच्या नावे लिहिलेलं पत्र पायऱ्या उतरत उतरत शेवटी त्याच प्रभागात येतं, फक्त वाटेत बरेच दिवस जातात.

आणि कृपा करून ‘प्रत माहितीसाठी’ म्हणून मुख्यमंत्र्यांपासून नगरसेवकांपर्यंत दहा जणांची यादी खाली लावू नका. दहा प्रती दिसल्या की प्रत्येक टेबलाला वाटतं, दुसरं कुणीतरी बघतंय. एक प्रत लगतच्या वरच्या अधिकाऱ्याला पुरते, तीही दुसऱ्या पत्रापासून.

आता मजकूर. सोसायट्यांकडून माझ्याकडे येणारा कच्चा मसुदा साधारण असा असतो :

‘विषय : पाण्याच्या गंभीर समस्येबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की, आमच्या सोसायटीत गेल्या अनेक दिवसांपासून पाण्याची अत्यंत भीषण टंचाई निर्माण झाली असून रहिवाशांचे अतोनात हाल होत आहेत. वारंवार तोंडी तक्रारी करूनही प्रशासन झोपेचे सोंग घेत आहे. तरी त्वरित योग्य ती कार्यवाही करावी, अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल व होणाऱ्या परिणामांस आपण जबाबदार राहाल.’

हे वाचून कनिष्ठ अभियंत्याने नेमकं काय करायचं? सोसायटी कुठली, जोडणी कुठली, कधीपासून, किती कमी, यातलं काहीच त्याला कळत नाही. ‘योग्य ती कार्यवाही’ म्हणजे काय तेही नाही. कळतं ते एवढंच की माणसं चिडली आहेत, आणि चिडलेली माणसं तो रोजच बघतो. आता हेच असं लिहून बघा :

‘विषय : सेक्टर क्र. अमुक, भूखंड क्र. अमुक येथील जलजोडणीस ३ मार्चपासून कमी दाबाने पाणीपुरवठा होत असल्याबाबत.

महोदय, आमच्या संस्थेत ४८ सदनिका आहेत. जलजोडणीचा ग्राहक क्रमांक अमुक आहे. ३ मार्चपासून सकाळच्या पुरवठ्यात आमची जमिनीखालची टाकी निम्मीही भरत नाही. ५ ते ९ मार्च या पाच दिवसांच्या मीटरच्या नोंदी सोबत जोडल्या आहेत. लगतच्या दोन संस्थांना पाणी नेहमीप्रमाणे येत आहे. त्यामुळे दोष आमच्या जोडणीतच असावा, असे आमच्या प्लंबरचे म्हणणे आहे. कृपया जोडणीची पाहणी करून दुरुस्ती करावी. पाहणीची वेळ खालील क्रमांकावर कळवल्यास संस्थेचा माणूस हजर राहील.’

यात एकही भडक विशेषण नाही, तरी अडचण किती मोठी आहे ते कळतं. मीटरच्या पाच दिवसांच्या नोंदी काढायला वॉचमनला दोन मिनिटं लागतात, पण पत्राचं वजन त्या नोंदींत असतं. शेजारच्यांना पाणी येतंय हे वाक्य अभियंत्याचं अर्धं काम वाचवतं, कारण मुख्य वाहिनी तपासायची की तुमची जोडणी, हे त्याला जागेवर न जाता कळतं. ‘प्लंबरचे म्हणणे आहे’ असंही मुद्दाम लिहिलं आहे. आपल्याला जे स्वतःला माहीत नाही ते ज्याने सांगितलं त्याच्या तोंडी ठेवावं. उद्या दोष दुसरीकडे निघाला तरी पत्र खोटं पडत नाही. आणि शेवटचं वाक्य बघा. सरकारी माणूस येऊन गेट बंद बघून परत गेला की फाईलवर शेरा पडतो, ‘संस्थेचे कोणीही उपस्थित नव्हते’. तो शेरा पुढे महिनाभर पुरतो.

‘उपरोक्त विषयास अनुसरून’ वगैरे शब्दांवर माझा राग नाही. एखादा असला तर बिघडत नाही, टेबलावरच्या माणसाच्या डोळ्यांना त्याची सवय असते. पण असे चार शब्द सलग आले की मागणी त्यांच्याखाली दबते. शासनाच्या कामकाजाची भाषा राजभाषा अधिनियम १९६४ नुसार मराठीच आहे. तेव्हा इंग्रजीत लिहिलं तर वजन पडेल असं वाटणाऱ्या तुमच्या कार्यकारिणीतल्या मंडळींना हे सांगा, आणि साध्या मराठीत लिहा. ‘करण्यात यावी’ऐवजी ‘करावी’ म्हटल्याने कुणाचा अपमान होत नाही.

धमकीबद्दल एवढंच की, जे खरंच करणार आहात तेवढंच लिहा. ‘पंधरा दिवसांत पाहणी न झाल्यास कार्यकारी अभियंत्यांकडे लेखी दाद मागू’ हे वाक्य ‘तीव्र आंदोलना’पेक्षा जास्त गांभीर्याने घेतलं जातं, कारण तुम्ही ते करू शकता हे दोघांनाही माहीत असतं. तेही पहिल्या पत्रात नको.

एका पत्रात एकच विषय. पाणी, रस्त्यावरचा खड्डा आणि बंद पडलेला दिवा एकत्र लिहिलंत तर पत्र तीन विभागांत फिरतं आणि कुठल्याही नस्तीत, म्हणजे फाईलमध्ये, नीट बसत नाही.

पत्र पोचवणं हा लिहिण्याइतकाच महत्त्वाचा भाग आहे. दोन प्रती न्या. आवक कक्षात एक द्या, दुसरीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घ्या. शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नका, ‘साहेब आले की देतो’ यावर तर मुळीच नाही. तीच तुमची स्थळप्रत, सोसायटीच्या फाईलला ती लागली पाहिजे. तुमच्याकडे जावक नोंदवही नसेल तर उद्याच एक वही आणून आखा. सचिव बदलतात, वही राहते. पत्र संस्थेच्या लेटरहेडवर, ‘सचिव’ म्हणून सहीने जाऊ द्या, आणि शक्य असेल तिथे कार्यकारिणीच्या ठरावाची तारीख घाला, म्हणजे उद्या कुणी ‘हे तुमचं तुम्हीच लिहिलंत’ असं म्हणणार नाही.

टपालाने पाठवायचं तर एक बदल लक्षात असू द्या. आपल्या सगळ्यांच्या तोंडी ‘रजिस्टर्ड एडी’ बसलं आहे, पण २०२५ मध्ये टपाल खात्याने रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्येच विलीन केलं. आता काउंटरवर स्पीड पोस्ट करताना नोंदणीची सोय मागून घ्यावी लागते. कायदेशीर नोटिशीसारखं पत्र असेल तर हे विसरू नका. १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाप्रमाणे, कायद्याने टपालाने बजावायचा कागद बरोबर पत्ता घालून, टपालखर्च भरून, नोंदणीने पाठवला तर तो पोचला असं धरलं जातं. न पोचल्याचं सिद्ध करायचं ओझं समोरच्यावर येतं. पावती पत्राच्या प्रतीलाच टाचा, पाकिटात वेगळी ठेवू नका.

बरोबर पत्त्यात पिनकोडही आला. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड सुरू झाला, आणि त्याची रचना केली टपाल खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. ते संस्कृत कवीही होते. लाखो पत्रांना वाट दाखवणारी व्यवस्था एका कवीने आखावी, हे मला नेहमीच गमतीचं वाटत आलं आहे. पहिला आकडा देशातला विभाग सांगतो आणि शेवटचे तीन वाटपाचं टपाल कार्यालय. तुमचं खारघर ४१०२१० आणि रस्त्याने अगदी जवळचं बेलापूर ४००६१४. शेजारी असून सुरुवातीचेच आकडे वेगळे, त्यामुळे सवयीने ४०० लिहून पाकीट भलतीकडे धाडणारे तुमच्याकडे पुष्कळ असणार.

पंधरा दिवसांत हालचाल नसेल तर स्मरणपत्र. त्यात पुन्हा सगळी कहाणी नको. ‘संदर्भ’ मध्ये आधीच्या पत्राची तारीख आणि आवक क्रमांक, मजकुरात तीन ओळी, सोबत जुन्या पत्राची झेरॉक्स. स्मरणपत्रालाही उत्तर नसेल तर माहितीचा अधिकार वापरा, पण नीट वापरा. अर्ज संस्थेच्या नावाने करू नका, हा अधिकार नागरिकाला आहे, म्हणून स्वतःच्या नावाने करा. राज्याच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. फी १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प चालतो. माहिती कशासाठी हवी ते सांगायचं नसतं. आणि ‘कार्यवाही का केली नाही?’ असं विचारायचं नाही, कारण ‘का’चं उत्तर कागदावर नसतं आणि जे कागदावर नाही ते देणं त्यांच्यावर बंधनकारक नाही. विचारायचं ते असं : ‘आवक क्र. अमुक, दि. अमुक या पत्रावर लिहिलेल्या टिपणीची व शेऱ्यांची प्रत मिळावी. हे पत्र आजवर कोणकोणत्या टेबलावर किती दिवस होते, त्याची नोंद मिळावी.’ उत्तराची मुदत ३० दिवस. माझा अनुभव असा की पुष्कळदा उत्तराच्या आधी पाणीच येतं.

सचिव म्हणून तुम्हाला सोसायटीच्या आतही पत्रं लिहावी लागतील, आणि ती बाहेरच्यांपेक्षा अवघड. वरच्या मजल्यावरच्या बाथरूममधून खाली गळतंय, खालचे रोज तुम्हाला फोन करतात. इथे पहिलं पत्र लिहूच नका. आधी जाऊन बेल वाजवा, चहा घ्या, डाग दाखवा. पत्र मिळालेला शेजारी वकिलाच्या सुरात उत्तर देतो, मग प्लंबरचं काम राहतं बाजूला आणि तुमची फाईल जाडजूड होत जाते. भेटीनंतर मात्र एक छोटं पत्र जरूर द्या : ‘काल आपली भेट झाली. रविवारी सकाळी प्लंबर बघून जाईल असे ठरले. धन्यवाद.’ गोड शब्दांत केलेली ही नोंदच आहे. प्रकरण पुढे चिघळलं तर हीच चिठ्ठी कामाला येते, आणि नाही चिघळलं तर ती नुसती सौजन्याची चिठ्ठी राहते. सोसायटीच्या सूचनाफलकावर कुणाचं नाव लिहून बोलणं लावू नका. फलकावर लिहिलेलं लिफ्टची वाट बघणारा प्रत्येक जण वाचतो, पाहुणेसुद्धा.

तुम्ही विचारलं नाहीत, पण पत्र नंतर वाचलं जातं याचा सगळ्यात महाग अनुभव लोकांना पैशांच्या पत्रात येतो, म्हणून थोडं सांगतो. हातउसने घेतलेल्या पैशांची वसुली दाव्याने करायची मुदत साधारणपणे तीन वर्षं असते. ती मुदत संपण्याआधी घेणाऱ्याने ‘तुमचे दोन लाख मी विसरलो नाही, जरा सवड द्या’ असं सहीनिशी लिहून दिलं, तर मुदत कायदा १९६३ प्रमाणे त्या दिवसापासून तीन वर्षं पुन्हा नव्याने मोजली जातात. मुदत संपल्यावरही ‘मी पैसे देईन’ असं सही करून लिहून दिलं तर ते वचन करार कायद्याने बांधून ठेवतं. म्हणजे घेणाऱ्याने नम्रपणे लिहिलेलं एक वाक्य देणाऱ्याला वर्षानुवर्षं पुरतं. तुम्ही देणाऱ्या बाजूला असाल तर असं पत्र प्रेमाने मागून घ्या. घेणाऱ्या बाजूला असाल तर खरं तेच लिहा, पण रक्कम, तारीख आणि काय कबूल करतो आहोत हे बघून लिहा, आणि रक्कम मोठी असेल तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका. चेक परत आल्याचं प्रकरण तर आणखी नाजूक. बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे आणि ती मिळाल्यावर समोरच्याला पैसे द्यायला १५ दिवस. तिथे ‘बघू, बोलू’ म्हणून दिवस घालवले की फौजदारी तक्रारीची संधी हातची जाते.

बँकेशीच तक्रार असेल तर तारीख आणखी एका कारणाने महत्त्वाची. बँकेला लिहून ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. पण आधी बँकेला लेखी कळवलं होतं हे तिथे दाखवावं लागतं. शाखेत जाऊन मॅनेजरशी तासभर वाद घातला, त्याचा तिथे काही उपयोग नाही.

राजीनामा. हे सगळ्यात छोटं पत्र, आणि लोक सगळ्यात जास्त रात्री यावर घालवतात. चार वाक्यं पुरतात. अमुक पदाचा राजीनामा देत आहे. नियुक्तीपत्राप्रमाणे सूचनेचा कालावधी इतके दिवस, म्हणून कामाचा शेवटचा दिवस अमुक तारीख. कामाचं हस्तांतरण मी या तारखेपर्यंत पूर्ण करेन. इथे जे शिकायला मिळालं त्याबद्दल आभार. संपलं. तुमच्या कंपनीत हे इंग्रजीतच जाईल, पण हिशेब तोच. शेवटच्या दिवसाची तारीख आकड्यात लिहा, नुसतं ‘नियमाप्रमाणे’ नको, कारण पगार, शिल्लक रजा आणि कार्यमुक्तीचं पत्र सगळं त्या तारखेवर टांगलेलं असतं. कारण द्यायचं तर ‘वैयक्तिक’ एवढं पुरे. वरिष्ठ कसे वागले, बढती कशी हुकली, हे या पत्रात येऊ देऊ नका. ते कितीही खरं असलं तरी आज वाचणाऱ्याला त्याचं काही करता येत नाही, आणि पाच वर्षांनी फाईल उघडणाऱ्याला त्यात फक्त तुमचा स्वभाव दिसतो. छळ, थकलेला पगार, असं काही गंभीर असेल तर त्याची वेगळी तक्रार करा, राजीनाम्याच्या आधी आणि वेगळ्या कागदावर.

एआयबद्दल विचारलंत. वापरायला हरकत नाही, माझा मुलगा वापरतो, मीही बघितलंय. पण त्याला ‘पाणीटंचाईवर पत्र लिहून दे’ एवढंच सांगितलं तर तो वरचा पहिला मसुदाच गोड करून देणार, कारण ग्राहक क्रमांक आणि मीटरच्या नोंदी त्याला कुठून ठाऊक असणार? आधी तुम्ही तारखा, आकडे, मागणी हे सगळं मुद्द्यांत लिहून काढा. तेवढं केलंत की पत्र जवळजवळ लिहून झालेलंच असतं, मग त्याच्याकडून शुद्धलेखन तपासून घ्या. ‘आशा आहे की हे पत्र आपणास चांगल्या आरोग्यात भेटेल’ असलं वाक्य दिसलं की आधी ते काढा, असं मराठीत कुणी कुणाला लिहीत नाही. आणि त्याने एखादं कलम, एखादा शासन निर्णय घातला असेल तर मूळ कागद डोळ्यांनी बघितल्याशिवाय ठेवू नका. चुकीच्या कलमाचं पत्र वाचणारा अधिकारी मग बाकीच्या मजकुरावरही विश्वास ठेवत नाही.

काकूंचं पत्र मात्र त्याच्याकडून घेऊ नका. शुद्धलेखनासाठीसुद्धा नको.

या पत्राला मला जरा वेळ द्यायचा आहे. सांत्वनाच्या पत्रात आपण घाबरून तयार वाक्यांकडे पळतो. ‘काळाने घाला घातला’, ‘ईश्वर मृतात्म्यास शांती देवो’, ‘आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत’. ही वाक्यं वाईट नाहीत, पण ती तेराव्यापर्यंत काकूंनी शंभर जणांकडून ऐकलेली असतात आणि कुणी काय म्हटलं हे त्यांना आठवणार नाही. ‘वय झालंच होतं’, ‘सुटले बिचारे’ हे तर लिहूच नका. तो हिशेब फक्त त्यांनी करावा, आपण नाही. ‘काही लागलं तर हक्काने सांगा’ हेही टाळा. त्यात मागण्याचं काम त्यांच्यावरच पडतं. त्यापेक्षा ‘एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मी येते, पेन्शनच्या आणि बँकेच्या कामाला आपण दोघी जाऊ’ असं तारखेसकट लिहा. आणि लिहिलंत तर जा.

पत्राचं पोट म्हणजे एक गोष्ट, काकांबद्दलची, जी काकूंना माहीत नाही. पन्नास वर्षं संसार केलेल्या बाईलाही नवऱ्याचं सगळं माहीत नसतं. तो पुतणीशी कसा वागला, बाहेर कुणाला काय म्हणाला, हे तिच्यापर्यंत आलेलं नसतं. तुमच्याकडे असं काहीतरी असेलच. समजा असं काही :

‘ती. काकूंस सा. न. वि. वि.

त्या दिवशी फोनवर मला काही बोलता आलं नाही, म्हणून लिहिते आहे. एक गोष्ट तुम्हाला बहुतेक माहीत नसेल. मी इंजिनिअरिंगला पुण्याला निघाले तेव्हा काका मला साताऱ्याच्या स्टँडवर सोडायला आले होते. गाडी सुटायच्या जरा आधी त्यांनी खिडकीतून एक वही आत दिली. आत पहिल्याच पानावर पुण्यातल्या त्यांच्या ओळखीच्या चार जणांचे पत्ते होते, आणि प्रत्येकाच्या पुढे तो माणूस किती वाजता घरी भेटतो ते लिहिलं होतं. एकापुढे लिहिलं होतं, “हा तिरसट आहे, पण मदत करेल.” मी त्याच्याकडेच गेले आणि त्याने मदत केली. ती वही माझ्याकडे अजून आहे. त्या पानाची झेरॉक्स सोबत ठेवते आहे, अक्षर तुम्ही ओळखालच.

उत्तर लिहायची तसदी घेऊ नका. मी एप्रिलमध्ये येते आहे.’

यात ‘दुःख’ हा शब्द नाही. काका मात्र आहेत, त्यांच्या तिरकस बोलण्यासकट. थोडं हसू आलं तरी चालतं, काकूंना ते हवंच असतं. उत्तर नको हे आवर्जून लिहा, नाहीतर आलेल्या पत्रांना उत्तरं देणं हे त्या घरातलं आणखी एक काम होऊन बसतं.

मायन्याची फार चिंता करू नका. ‘ती. काकूंस’ आणि ‘सा. न. वि. वि.’ ही जुनी घडी अजून सुंदर आहे, वडीलधाऱ्यांना ती आवडते. फक्त पूर्वी लिहीत तसं पाकिटावर नावाआधी ‘गं. भा.’ (गंगाभागीरथी, म्हणजे विधवा) लिहू नका. पोस्टमनने हाक मारून दिलेल्या पाकिटावर ते वाचावं लागणं कुठल्याच बाईच्या वाट्याला नको. ‘श्रीमती’ लिहा, नाहीतर नुसतं नाव. काकांच्या आजारपणात काय व्हायला हवं होतं, कुठल्या डॉक्टरकडे न्यायला हवं होतं, याचा एक शब्दही नको. आणि तुमच्या-त्यांच्यात कधी काही कुरबूर झाली असेल तर तिचा खुलासाही इथे नको. त्याला वेगळं पत्र, वेगळा दिवस.

हाताने लिहा. अक्षर खराब असेल तर सावकाश लिहा, पण हाताने. टपालाने पाठवा आणि ते तेराव्यानंतर आठ-दहा दिवसांनी पोचेल असं बघा. पहिले दिवस घरात माणसांची रांग असते, फोन थांबत नाहीत. मग एकदम सगळं थांबतं. पत्र त्या दिवसांत हातात पडायला हवं. म्हणून काकूंच्या पत्राला उशीर झाला असं वाटून घेऊ नका, तुम्ही अगदी वेळेवर आहात.

पाण्याचं पत्र मात्र लांबवू नका. उद्या सकाळपासून वॉचमनला मीटरचे आकडे लिहायला सांगा, पाच दिवस झाले की आवक कक्षात स्वतः जा, शनिवार-रविवार सोडून, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीच्या आधी. राजीनामा आधी वरिष्ठांना तोंडी सांगा, मग त्याच दिवशी मेल करा. त्यांना तो इतरांकडून कळता कामा नये. मेलची आणि मिळालेल्या उत्तराची छापील प्रत घरी ठेवा, कारण शेवटच्या दिवशी संध्याकाळी ऑफिसचा मेल बंद होतो आणि मग आतलं काहीच हाताशी राहत नाही.